थळातील एक दिवस

मराठी मुलुखात वाळवंट नाही, तरीही मराठीत 'वाळवंट' हा शब्द आहे. तो आला कोठून, असा प्रश्न आपल्याला पडला, तर उत्तरासाठी पंढरपूरला जावे लागते. वारकऱ्यांच्या बोलण्यातले वाळवंट चंद्रभागेच्या पात्रातले आहे. नदीकाठची वाळूची मोकळी जागा, जेथे दिंड्या थांबतात, फुगड्या होतात, कीर्तने रंगतात, ते वाळवंट. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांना जेव्हा सहारा आणि गोबी यांच्यासाठी एक शब्द हवा झाला, तेव्हा त्यांनी हाच शब्द उचलला. त्यामुळे मराठी माणूस 'वाळवंट' म्हणतो, तेव्हा त्याच्याही नकळत त्या शब्दाच्या काठाने एक नदी वाहत असते. निर्जल प्रदेशाला नदीचे नाव देणारी भाषा ही पाण्याच्या सान्निध्यात वाढलेली भाषा असली पाहिजे, असे मी वर्गात गंमतीने सांगत असे.

ज्यांच्या घराभोवती खरोखरच वाळू आहे, ते लोक तिला वेगळ्या नावाने ओळखतात. 'मरु' हा जुना संस्कृत शब्द तर आहेच. पण लोकांच्या तोंडी 'थळ' आहे, 'थळी' आहे. संस्कृत 'स्थल'चा हा सरळ वारस. सिंधीत स्वरांमधल्या 'ल'चा 'र' होतो, म्हणून तिकडे 'फल'चे 'फरु' झाले आणि 'स्थल'चे 'थर'. हाच 'थर' पुढे इंग्रजी नकाशांत 'थार' होऊन बसला. मारवाडीने मात्र मराठीप्रमाणे 'ळ' जपला. फळ, जळ, काळ, थळ हे शब्द जैसलमेरच्या बाजारात कानी पडले, की क्षणभर आपण फलटणच्या बाजारात उभे आहोत असे वाटते. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही, आणि पाण्याला ती 'पानी' म्हणते. मारवाडी आपल्यासारखीच 'पाणी' म्हणते. अलिबागजवळच्या 'थळ' गावाच्या नावात आणि या अफाट थळात एकच शब्द आहे. एक समुद्राला लागून, दुसरा समुद्र कोट्यवधी वर्षांपूर्वी निघून गेलेल्या भूमीवर.

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाने दिलेल्या दीर्घ रजेत मी मारवाडीतील पाण्याविषयीच्या शब्दांचा संग्रह करण्यासाठी जैसलमेरच्या वायव्येकडील एका ढाणीत राहत होतो. ढाणी म्हणजे आपली वाडी किंवा वस्ती. तेथील लोक मला 'माडसाब' म्हणत. मास्तरसाहेब या शब्दाची ही झीज भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने लिहून ठेवण्यासारखी आहे. फाल्गुन लागला, थंडी ओसरली आणि माझा एक जुना मित्र पत्नीसह मला भेटायला आला. पुण्याला विद्यार्थी असताना आम्ही एका खोलीत राहिलो होतो. तो माण तालुक्यातला. गणिताचा शिक्षक म्हणून निवृत्त झालेला. वहिनींनी आरोग्यसेविका म्हणून तीस वर्षे गावोगाव पायपीट केली होती. चार दिवस राहून, एक दिवस वाळवंटात मनसोक्त चालायचे, एवढाच त्यांचा बेत होता.

निदान मला तसे वाटले. पहिल्याच रात्री, जेवणे झाल्यावर, मित्राने खिशातून एक घडी केलेला कागद काढला. त्याच्यावर आकडे होते. गावाकडे धाकटा भाऊ शेती करतो. त्याने पाच बोअर मारले होते. शेवटचा नऊशे फुटांपर्यंत गेला आणि कोरडी फुफाटी उडाली. आता पाणाड्याने ओढ्याकाठी सहावी जागा दाखवली होती. बोअरची गाडी ठरली होती. पैसे मात्र नव्हते. मित्राच्या निवृत्तीच्या रकमेतून ते द्यावेत, असे भावाचे म्हणणे होते आणि होळीच्या आत होय की नाही ते सांगायचे होते. "नाही म्हणालो तर तो बोलायचा बंद होईल," मित्र म्हणाला, "आणि होय म्हणालो तर आमच्या म्हातारपणाचे काय, ते ही विचारते." वहिनी काही बोलल्या नाहीत. कागदाची घडी पुन्हा खिशात गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधीच आम्ही निघालो. प्रत्येकी चार लिटर पाणी, बाजरीच्या भाकरी, कांदे, लसणाची चटणी. वाट दाखवायला शेजारचे एक वृद्ध मेंढपाळ बरोबर होते. त्यांना सारी ढाणी 'काकोसा' म्हणे, म्हणून आम्हीही तेच म्हणालो. त्यांच्या खांद्याला कॅनव्हासची छागळ होती, हातात काठी, आणि तीनही शिकलेल्या माणसांपेक्षा कमी सामान. जाऊन-येऊन चौदा-पंधरा किलोमीटरांची चाल होती. मार्चच्या सुरुवातीला तेथे पहाट चांगलीच गार असते आणि दुपारी पारा ३२-३३ अंशांपर्यंत चढतो. पुढच्या दीड-दोन महिन्यांत तो पंचेचाळिशीकडे जातो, तेव्हा असे दिवसभर चालणे हा वेडेपणा ठरतो. थळात वसंत येतो तो घाईघाईने, दोन ऋतूंमधल्या फटीतून अंग चोरून आत शिरल्यासारखा.

पण येतो तेव्हा हातचे राखत नाही. सूर्य वर आला तसा वाटेच्या डाव्या अंगाला एक रोहिडा दिसला. पाने थोडी आणि फुले अतोनात. केशरी, पिवळी, एकाच झाडावर दोन्ही छटा. राजस्थानने याच फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. खेजडी तर जागोजाग. वहिनींनी पान हातात घेऊन चुरगाळले आणि म्हणाल्या, "ही शमी ना?" शमीच. आपण दसऱ्याला जिची पूजा करून वर्षभर विसरतो, ती येथे माणसांना शेंगा, जनावरांना पाला आणि शेताला सावली देते. वाळलेल्या शेंगा म्हणजे सांगरी. काटेरी केरावर नुकती लाल फुले उघडत होती. केर म्हणजे आपली नेपती. ओळखीच्या माणसांचे नातेवाईक परमुलखात भेटावेत, तशी ही झाडे भेटत गेली. फोग मात्र नवाच होता. या बिनपानाच्या राखाडी झुडपावर फाल्गुनात बारीक कळ्यांचा बहर येतो. तो झटकून, उकडून दह्यात घालतात. काकोसांनी आपल्या पटक्याच्या टोकात मूठभर बहर बांधून घेतला. संध्याकाळच्या रायत्याची तरतूद झाली.

पहिले पाच किलोमीटर वाळू जवळजवळ नव्हतीच. चित्रपटांनी आपल्या मनात वाळवंटाचे जे चित्र उभे केले आहे, त्यात सगळीकडे लाटालाटांची वाळू असते. प्रत्यक्षात जैसलमेरच्या आसपास कठीण, पिवळ्या दगडाची उघडी माळरानेही पसरलेली आहेत. त्यांना 'मगरा' म्हणतात. या पिवळ्या चुनखडकात शिंपल्यांचे ठसे सापडतात. येथे ज्युरासिक काळात समुद्र होता. जैसलमेरजवळच्या आकल येथे १८ कोटी वर्षांपूर्वीची दगड झालेली झाडे जपून ठेवली आहेत. आपला दख्खनचा काळा दगड याच्या मानाने तरुण, साडेसहा कोटी वर्षांचा. मित्राने बुटाच्या टाचेने दगडावर दोन-तीनदा आपटून पाहिले. "यात पाणी मुरणार नाही," तो म्हणाला. काकोसांना अर्थ कळला असावा. ते हसले आणि काठीने उताराकडे दाखवून म्हणाले, की मुरत नाही म्हणूनच तर पोट भरते.

उतार संपला आणि समोर एकदम गहू आला.

त्या दृश्याचे वर्णन करताना मी शक्य तितका संयम पाळतो, कारण अशा ठिकाणी ललित लेखकाची लेखणी घसरते. तीन बाजूंनी उघडा दगड. चौथ्या बाजूला लांबलचक, बैलाच्या वशिंडासारखा मातीचा बांध. आणि त्याच्या पोटात साठ-सत्तर एकरांचा पिकत आलेला गहू. विहीर नाही, पाट नाही, पंप नाही, पाइप नाही. गव्हाच्या कडेने हरभरा काढून झाला होता. त्याचे ढीग पडले होते. या जागेला 'खडीन' म्हणतात. जैसलमेरच्या पालीवाल ब्राह्मणांनी ही पद्धत पंधराव्या शतकाच्या सुमारास रूढ केली असे मानले जाते. पावसाळ्यात मगऱ्यावर पडलेले पाणी वाहत येऊन बांधाला अडते आणि तेथे तळे साचते. मगऱ्यावरून आलेला गाळही तेथेच बसतो. पाणी सावकाश जमिनीत मुरते, क्षारांना खाली ढकलते. कार्तिकाच्या आगेमागे जमीन उघडी पडली, की त्या ओलीवर पेरायचे. पुढे पाण्याचा थेंबही द्यावा लागत नाही. पाऊस बेताबाहेर झालाच, तर जादा पाणी जाण्यासाठी बांधाला दगडी सांडवा असतो. त्याचे नाव 'नेष्टा'.

"अरे, ही तर आपली तालच की!" मित्र ओरडला. माणदेशात शेताच्या उताराला आडवा मातीचा बांध घालतात, त्याला ताल म्हणतात. त्याच्या वडिलांनी १९७२च्या दुष्काळानंतर अशा दोन ताली घातल्या होत्या. पुढे बोअर आला, आणि ताली फुटल्या तरी कोणी त्यांच्याकडे पाहिले नाही.

त्यानंतर गणिताचा शिक्षक जागा झाला. बांधावर बसून त्याने काटकीने मातीत आकडेमोड सुरू केली. एक हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १० लाख लिटर पाणी होते. काकोसांच्या हिशेबात एका शेताला वरचा मगरा त्याच्या दहा-बारा पट लागतो. बारा पट धरू: मगऱ्यावर १२० लाख लिटर पडले. त्यातले चौथा हिस्सा जरी वाहत खाली आले, तरी ३० लाख. शेतावर स्वतःचे पडलेले १० लाख. मिळून ४० लाख. म्हणजे आकाशातून १०० मिलिमीटर पडले, पण या शेतापुरता पाऊस ४०० मिलिमीटर झाला. "आमच्याकडे साडेचारशे-पाचशे तर नुसतेच पडतात," तो म्हणाला. जैसलमेरला वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरसुद्धा होत नाही. त्याने दोन्ही आकड्यांखाली रेघ ओढली आणि बराच वेळ तो रेघेकडे पाहत राहिला.

येथे थांबून, या प्रदेशाकडे पाहून आपण जे उतावीळ निष्कर्ष काढतो, त्यांच्याविषयी लिहिले पाहिजे. 'राजस्थानात जमते, मग महाराष्ट्रात का नाही?' हा प्रश्न व्यासपीठांवरून पुष्कळदा विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला उत्तराची फारशी गरज नसते. मित्राने स्वतःच उत्तराला सुरुवात केली. खडीनला शेताच्या दहा-बारा पट मोकळी, कोणीही न नांगरलेली, एका विचाराने राखलेली जमीन वर लागते. २०११च्या जनगणनेनुसार जैसलमेर जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरमध्ये १७ माणसे राहतात. महाराष्ट्रात सरासरी ३६५. त्याच्या गावात टेकडीच्या उतारावर चौदा खातेदार आहेत. त्यातल्या तिघांनी शेततळी केली आहेत. ती भरल्याशिवाय पाणी खाली उतरत नाही. दोघे मुंबईला आहेत. एका तुकड्यावर कोर्टात दावा चालू आहे. "पाणी उतारावरून येईल रे," तो म्हणाला, "पण सात-बाऱ्यावरून कसे येणार?" शिवाय येथले शेतकरी वर्षातून एक पीक घेतात, आणि पावसाने दगा दिला तर तेही घेत नाहीत. मेंढ्या, उंट, गाई घेऊन ते निघून जातात. त्याच्या भावाने डाळिंब लावले होते. डाळिंबाच्या बागेला उठून दुसऱ्या गावी जाता येत नाही.

दुपारची भाकरी आम्ही ओरणात खाल्ली. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. तेथे झाड तोडत नाहीत, चराई मात्र चालते. हा शब्द संस्कृत 'अरण्या'पासून आला असे मानतात, आणि आपला 'रान' हा शब्दही त्याच 'अरण्या'चा. मराठीने आद्य 'अ' गाळला, मारवाडीत त्याचा 'ओ' झाला. अर्थाने मात्र ओरण आपल्या देवराईच्या जवळ आहे. दोन भाषांतले असे शब्द जोडीने ठेवून पाहण्याची सवय आपण विद्यार्थी म्हणून अवश्य लावून घ्यावी. फक्त सारख्या दिसणाऱ्या शब्दांनी फसू नये. 'नाडी' म्हणजे मारवाडीत गावचे लहान तळे, 'पार' म्हणजे पाण्याच्या झिऱ्यांचा समूह. जैसलमेरात कोणी नाडी भरली म्हटले, तर वैद्याला बोलवायचे नसते.

जाळीच्या दाट, बुटक्या झाडाखाली सावली चांगली थंड होती. क्षितिजावर पवनचक्क्यांची रांग आणि तिच्या पाठीमागे विजेच्या तारा. या माळांवर गोडावण राहतो, म्हणजे आपला माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झाले. तेथे आता तो क्वचितच दिसतो. देशभरात उरलेल्या दीडशेहून कमी पक्ष्यांपैकी बहुतेक या जिल्ह्यात आहेत. वजनदार शरीर, समोरचे नीट न दिसणारी दृष्टी, त्यामुळे तारांवर आदळून ते मरतात. सूर्य आणि वाऱ्यापासून मिळणारी वीज स्वच्छ खरी. पण कागदोपत्री 'पडीक' म्हणून नोंदलेल्या जमिनीवर ती उभी राहते, आणि त्या पडीक जमिनीत कुणाचा मगरा असतो, कुणाचे ओरण. 'पडीक' हा शब्द कोणी, कोणत्या कचेरीत बसून लिहिला, यावर एक स्वतंत्र लेख होऊ शकेल. आम्हाला गोडावण दिसला नाही. काकोसांनी लहानपणी थव्याने पाहिल्याचे सांगितले. एक सांडा तेवढा बिळातून अर्धा बाहेर येऊन ऊन खात होता.

ओरणाच्या पलीकडे वाळूचे धोरे सुरू झाले. धोऱ्यावर चढणे म्हणजे दोन पावले पुढे आणि एक मागे. वहिनींचे गुडघे कुरकुरत होते. त्या थांबत थांबत, पण काठी न घेता चढल्या. दोन धोऱ्यांमधल्या सखल जागेत आठ-दहा बेऱ्या होत्या. बेरी म्हणजे अरुंद तोंडाची खोल विहीर. तिचे शास्त्र मला फार मोहवते. या भागात वाळूखाली काही हातांवर खडूसारख्या दगडाची पट्टी आडवी पसरलेली असते. (मराठीत तिला थर म्हणावे लागेल, हा थर 'स्तर'पासून आलेला, वाळवंटाशी त्याचा संबंध नाही.) पट्टीच्या खालचे पाणी खारे. वर पडलेला पाऊस वाळूत मुरतो, पट्टीपर्यंत जाऊन अडकतो आणि वाळूच्या कणाकणांत ओल होऊन राहतो. बेरी खणली, की ती ओल चहूबाजूंनी तिच्या पोकळीत पाझरते, थेंबाथेंबाने, दिवसाकाठी काही घागरी. हे पाणी पावसाचे नव्हे आणि भूगर्भातलेही नव्हे, असे मानून लोकांनी त्याला तिसरे नाव दिले. पावसाचे ते 'पालर', पाताळातले ते 'पाताळ पाणी', आणि हे 'रेजाणी'. अनुपम मिश्र यांनी १९९५मधील आपल्या 'राजस्थान की रजत बूँदें' या पुस्तकात या तीन पाण्यांची ओळख हिंदी वाचकाला करून दिली. मी या प्रदेशात आलो त्याला ते पुस्तकच कारणीभूत आहे. मराठीत आपण जमिनीखालच्या साऱ्या पाण्याला 'भूजल' म्हणून मोकळे होतो. माणसांनी जेथे नाव दिले, तेथे त्यांनी हिशेबही ठेवला, असे मी मित्राला सांगू लागलो.

"भावजी," वहिनींनी मला थांबवले, "हे कौतुक ठीक आहे. पण घागरी कोणी वाहिल्या?"

बेरीच्या तोंडावर दोराने झिजून पडलेल्या खोल खाचा होत्या. त्या खाचांवरून वहिनी बोट फिरवत होत्या. शेळ्या पाजायला आलेली एक मध्यमवयीन बाई तेथे होती. तिला मारवाडीखेरीज काही येत नव्हते आणि वहिनींना मराठीखेरीज. मी दुभाषा झालो, पण त्यांना माझी गरज थोडीच लागली. तिची सासू रात्री दोनला उठून येथे येत असे. आपली पाळी चुकली, तर पाणी पाझरेपर्यंत बसून राहायचे. बाळंतपणानंतर कितव्या दिवशी घागर उचलायची? दहाव्या. वहिनींनी ते ऐकून मान हलवली. तो आकडा त्यांना नवीन नव्हता. आता ढाणीत नळ आला आहे. हरिके येथून सतलज-बियासचे पाणी घेऊन निघालेला, १९५८मध्ये काम सुरू झालेला इंदिरा गांधी कालवा या जिल्ह्यापर्यंत येतो, आणि त्याचे पाणी पाइपाने पुढे जाते. नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही तेव्हा बेरी आठवते, असे ती म्हणाली. आठांपैकी सहा बेऱ्या वाळूने बुजल्या होत्या. उरलेल्या दोन उपसायला आत उतरणारी माणसे म्हातारी झाली. नळ नको का, असे वहिनींनी विचारले. ती बाई इतकी हसली, की शेळ्या बिथरल्या.

परतताना आम्ही पुन्हा खडीनच्या बांधावर आलो. तेवढ्याच एका उंचवट्यावर फोनला रेंज मिळते. मित्राने भावाला फोन लावला. मी थोडा दूर गेलो, पण मोकळ्या माळावर आवाज लपत नाही. पैसे देत नाही, असे तो म्हणाला नाही. अर्धे देतो, म्हणाला; उरलेल्या अर्ध्यांत बापाच्या दोन्ही ताली बांधून घेऊ, म्हणाला; टेकडीवरच्या चौदाजणांपैकी किती जण ऐकतील ते आपण दोघे विचारून पाहू. पलीकडून काय उत्तर आले ते कळले नाही. बराच वेळ तो नुसता ऐकत होता. मग "अरे ऐक तरी," असे दोनदा म्हणाला आणि फोन खाली घेऊन त्याच्याकडे पाहू लागला. भावाने तो ठेवून दिला होता. वहिनी त्याच्याजवळ जाऊन बांधावर बसल्या. पन्नाशी-साठीतली दोन माणसे गव्हाकडे पाहत बसली होती. काकोसा आणि मी शहाणपणाने पुढे चालू लागलो.

वाटेत काकोसांनी मला एक शब्द दिला; माझ्या वहीत त्या दिवसाच्या तारखेखाली तो एकच शब्द आहे. ज्या वर्षी धान्य होत नाही, ते 'अन्नकाळ'. पाणी नसते, ते 'जळकाळ'. चारा नसतो, ते 'तृणकाळ'. तिन्ही एकदम आले, की 'त्रिकाळ'. त्यांच्या आजोबांनी विक्रम संवत १९५६चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९००चा त्रिकाळ पाहिला होता. तिकडे त्याला 'छपनियो काळ' म्हणतात. मराठीत त्रिकाळ म्हणजे भूत, वर्तमान, भविष्य. आपल्याकडे त्रिकाळ जाणणारा तो ज्ञानी. त्यांच्याकडे त्रिकाळ पाहिलेला तो फक्त वाचलेला माणूस. मी हे त्यांना समजावून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, की दोन्हींत फार फरक नसावा. आकाशातून कुरजांचा, म्हणजे करकोच्यांचा, एक लांब थवा उत्तरेकडे चालला होता. हिवाळा संपला, की ते मध्य आशियाकडे परततात. ढाणी दिसू लागली तेव्हा पाय वाळूने जड झाले होते. रात्री फोगाचे रायते झाले. ते किंचित आंबट, किंचित मातकट लागते. मित्राने दोनदा वाढून घेतले, पण तो बोलला नाही.

ती माणसे गेल्यावर तीन महिन्यांनी, ज्येष्ठात, त्याचे पत्र आले. तो अजून पत्रे लिहितो. भावाने उसने पैसे काढून बोअर मारलाच. साडेपाचशे फुटांवर दीड इंच पाणी लागले. डाळिंब तूर्त वाचले. भाऊ त्याच्याशी बोलतो आहे. पाणी लागल्यामुळे त्याचा आवाज मोठा झाला आहे, एवढेच. मित्राने अर्धे पैसे तरीही दिले, आणि त्यांतले निम्मे त्या बोअरच्या कर्जात गेले. उरलेल्या पैशांतून एक ताल दुरुस्त झाली. दुसरीच्या माथ्यावरची जमीन दाव्यात अडकली आहे. चौदा खातेदारांपैकी सहाजण बैठकीला आले. पत्राच्या शेवटी प्रश्न होता: 'काकोसांना विचारून कळव. उतारावर एवढी माती असेल, निव्वळ दगड नसेल, तर एका एकराला वरचा माळ किती पट धरावा? बारा फारच होतात.'

मी काकोसांपुढे पत्र वाचले आणि प्रश्न मारवाडीत मांडला. त्यांनी माती कसली, काळी की मुरमाड, ते विचारले. उतार किती, ते विचारले. वर गवत राखले आहे की ढोरे फिरतात, ते विचारले. मला त्यातले एकही सांगता येईना. मग ते म्हणाले, की मगरा पाहिल्याशिवाय असे कसे सांगू, त्यांना म्हणावे पाऊस पडत असताना एकदा वर जाऊन उभे राहा. मी ते तसेच कळवले.